कार्बोरेटर धुतला तरी आठ दिवसांत गाडी परत स्लो धरत नाही? आधी बाऊलमधला गाळ बघा

गावाला बाबांची स्प्लेंडर आहे, २००२ ची, हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची. मी डोंबिवलीला, गाडी संगमेश्वरजवळच्या घरी पडवीत, बाबांचं आता चालवणं जवळपास बंद, त्यामुळे ती वर्षातून दोनदाच नीट फिरते, गणपतीत आणि शिमग्याला. आणि दर गणपतीला तोच तमाशा. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खटकी) देऊन दहा-बारा किका मारल्या की चालू होते, चोक आहे तोवर बरी चालते, चोक काढला की फुस्स. रेस धरून ठेवली तर पळते पण वळणावर रेस सोडली की बंद, म्हणजे स्लो धरतच नाही. मग मेकॅनिककडे न्यायची, तो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) काढणार, पेट्रोलमध्ये खळबळवणार, हवा मारणार, "कचरा होता" म्हणणार, पैसे घेणार, आणि गाडी चार-पाच दिवस एकदम मस्त. गौरी गेल्या की परत तेच. असं सलग तीन वर्षं झाल्यावर चौथ्या वर्षी मी स्वतःच उघडला आणि तेव्हा कळलं की तीन वर्षं आम्ही चुकीच्या जागी साफसफाई करत होतो.

कार्बोरेटर म्हणजे मोरीची जाळी समजा. कचरा अडकतो तिथे, पण येतो दुसरीकडून. एकदा तुंबला तर साफ करा आणि विसरून जा, पण महिन्याभरात परत झाला तर कचरा कुठून येतोय ते शोधल्याशिवाय धुण्याला काही अर्थ नाही. (एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, त्यांना हे कार्बोरेटरचं लागू नाही.)

उघडायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या, कारण कधीकधी कार्बोरेटरचा काहीच दोष नसतो आणि आपण उगाच त्याचे स्क्रू खराब करून ठेवतो. पहिली, कार्बोरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा, धार सलग आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर अडचण वरच आहे, टाकीत किंवा कॉकमध्ये. दुसरी, गाडी चोकवर चालते आणि चोक काढल्यावर मरते याचा अर्थ इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. ते पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) बुजल्यामुळे होतं, तसंच कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडातून, म्हणजे तिथल्या रबराला भेग गेली किंवा ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली की तिथून चोरून हवा शिरते त्यामुळेही होतं. तपासायला लोक चालू इंजिनवर त्या जोडाजवळ कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात, ते करू नका, गरम सायलेन्सर शेजारीच असतो. साधं पाणी स्प्रेच्या बाटलीने त्या जोडावर मारा, इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय, रबर बदला, कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

आता सुरक्षेचं, हे मी मुद्दाम लांबण लावून लिहितोय कारण घरी करताना गडबड इथेच होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतली ज्योतसुद्धा गाठते. गणपतीचे दिवस म्हणजे घरात समई, निरांजन, उदबत्ती, मागच्या दारी पाणी तापवायची चूल, आणि पोरांचे फटाके वेगळेच. म्हणून पडवीत नाही, अंगणात, चुलीपासून लांब, वाऱ्याच्या बाजूने बसा. शहरात असाल तर बंद बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये अजिबात नाही, तिथे गॅसचा गीझर असेल तर विषयच संपला. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, कॉक बंद, चावी बंद. जवळ एक बादली कोरडी वाळू किंवा माती ठेवा, पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते. डोळ्यांना चष्मा हवाच, साधा नंबरचा नाही, बाजूने बंद असलेला. कार्ब क्लीनरचा स्प्रे एका भोकात मारला की दुसऱ्याच भोकातून थेट तोंडावर येतो, मला तो अनुभव कपाळावर आलाय, दोन इंच खाली आला असता तर डोळ्यात होता. डोळ्यात गेलंच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

अजून एक, नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका. गावाकडे सगळेच करतात मान्य आहे, पण दोन थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा प्रकार होतो, आणि पोटात गेलं तर उलटी काढायला लावणं त्याहून वाईट, कारण वर येताना ते परत फुप्फुसात जाऊ शकतं. आणि काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवायचं नाही, गणपतीला घरात दहा पोरं असतात, कोणीही तोंडाला लावेल.

उघडायला स्प्लेंडरला १० नंबरचा पाना पुरतो, इंजिनाच्या बाजूला दोन बोल्ट, मागे एअर फिल्टरच्या रबराचा क्लॅम्प. वरची टोपी फिरवून काढली की केबलसकट स्लाइड (रेसबरोबर वरखाली होणारा तुकडा) आणि सुई बाहेर येते, ती तशीच फडक्यात गुंडाळून बाजूला टांगून ठेवा, सुई वाकली तर सगळं मुसळ केरात. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा, पण मोबाइल पेट्रोलच्या ताटापासून लांब असू द्या.

खालच्या वाटीचे, म्हणजे बाऊलचे स्क्रू हा मोठा घोळ आहे. ते जपानी धाटणीचे असतात, आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात खोल बसत नाही, जोर दिला की उचकटतो आणि खाच गोल होऊन जाते. बऱ्याच स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की समजायचं. बरोबर मापाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर ड्रायव्हर खाचेत धरून मागून हातोडीने दोन हलके ठोके द्या म्हणजे स्क्रूची पकड सैल होते, मग अंगाचा भार देऊन हळू फिरवा. तापवायचं वगैरे डोक्यातून काढून टाका, आत पेट्रोल आहे.

बाऊल निघाला की लगेच धुवायला धावू नका!! तीन वर्षं मेकॅनिक हेच करत होता आणि पुरावाच पुसून टाकत होता. बाऊलमधलं पेट्रोल पांढऱ्या वाटीत किंवा काचेच्या भांड्यात ओता आणि दहा मिनिटं तसंच ठेवून द्या. खाली तांबूस-तपकिरी बारीक पूड बसली तर तो टाकीतला गंज. त्यात चुंबक फिरवा, चिकटला की शंकाच नको. पांढरी भुकटी किंवा पांढुरके कण, ते बाऊलच्या धातूचंच खाणं, म्हणजे आत पाणी साचत होतं. काळे मऊ कण बोटाने चोळल्यावर शाईसारखे पसरले तर पेट्रोलची नळी आतून कुजतेय, नळी बदला, वीस मिनिटांचं काम. पिवळट-हिरवा चिकट थर आणि जुन्या रंगासारखा कुबट वास, ते महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या पेट्रोलचं, त्यातलं हलकं ते उडून गेलं आणि डिंक मागे राहिला. आणि चक्क वाळू-माती असेल तर एअर फिल्टर बघा, किंवा टाकीचं झाकण उघडं ठेवून कोणी पेट्रोल भरलंय का ते. आमच्या वाटीत तांबूस पूड होती चहाच्या चमच्याभर, आणि तळाला पेट्रोलपासून वेगळा झालेला एक थर.

तो थर म्हणजे पाणी आणि इथेनॉल. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तर विचारूच नका. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाला बसतात, आणि इंजिनला सगळ्यात आधी तेच मिळतं. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सैल करून खाली पाठवतं. नवीन गाड्यांचं रबर आणि धातू त्या हिशोबाने बनवलेत, २००२ च्या गाडीचे नाहीत. यावर रडून उपयोग नाही, आमच्याकडच्या पंपावर दुसरं काही मिळत नाही, तेव्हा गाडी उभी कशी ठेवायची ते बदलायचं. त्यावर खाली येतो.

साफ करताना सगळं रबर आधी काढायचं, म्हणजे बाऊलची ओ-रिंग, फ्लोटची (बाऊलमध्ये तरंगणाऱ्या तुकड्याची) पेट्रोल अडवणारी सुई जिच्या टोकाला रबर असतं ती, आणि पायलट स्क्रूच्या (स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूच्या) टोकाची मोहरीएवढी ओ-रिंग. कार्ब क्लीनर रबराला फुगवतो. पल्सर, युनिकॉर्न अशा गाड्यांच्या कार्बोरेटरला वरच्या झाकणाखाली रबरी पडदा असतो, त्याला तर स्प्रेचा शिंतोडाही नको. बाऊलची रिंग नुसत्या पेट्रोलनेही फुगते आणि मग खाचेत बसतच नाही, लोक घाबरून ताणतात, कापतात. तिला रात्रभर उघड्यावर ठेवा, सकाळपर्यंत बहुतेक वेळा मापात येते.

फ्लोटची पिन एका बाजूनेच निघते, त्या दोन खांबांपैकी एक तुटला की कार्बोरेटर भंगारात, म्हणून ठोकाठोकी नाही. पायलट स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत फिरवत न्या आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा, टेकला की थांबा, आवळलात तर टोक भोकात तुटून बसतं. काढल्यावर स्प्रिंग, वॉशर आणि ती मोहरीएवढी रिंग असे तीन नग आले पाहिजेत. दोनच आले तर रिंग आतच आहे, हवा मारायच्या आधी ती अलगद काढा, नाहीतर हवेबरोबर उडून अंगणातल्या जांभ्यात कुठे जाईल ते देवाला ठाऊक. मी टॉर्च घेऊन पाऊण तास शोधली होती, शेवटी चिपळूणहून नवीन किट आणला.

जेट पितळेचे, मऊ. त्यात स्टीलची तार, टाचणी, सुई घालायची नाही. कीहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा साधारण भोकाचं माप सांगतो, ३५ म्हणजे ०.३५ मिलिमीटरच्या आसपास, त्यात एक ओरखडा गेला की गाडीचा ॲव्हरेज कायमचा बदलला. खराट्याचा हीर वापरायचा सल्ला मला शेजारच्या काकांनी दिला होता, त्याचं टोक आतच मोडलं. जमलं ते तंगुसाने, गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, ०.३० मिलिमीटरची. पितळेला ओरखडा पडत नाही आणि जातही सरळ. गावात मासेमारीचं सामान कोणाच्याही घरी असतं. तंगूस नसेल तर लाईटच्या वायरीतला तांब्याचा एक केसासारखा धागा. जेट क्लीनरमध्ये अर्धा-एक तास भिजवून मग तंगूस घाला, सुक्या डिंकावर जोर करू नका, आणि नंतर सूर्याकडे धरून बघा, भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर अजून आहे. काही मॉडेलला पायलट जेट दाबून बसवलेला असतो, तो निघत नाही, पकडीने ओढू नका.

मेकॅनिकची दुसरी चूक इथेच होती. मोठा मेन जेट सगळे साफ करतात कारण तो दिसतो, पण स्लोला गाडी चालते ती पायलट जेटवर आणि त्याच्या पुढच्या वाटेवर, जी कार्बोरेटरच्या अंगातून जाते आणि स्लाइडजवळ बारीक भोकांतून बाहेर येते. म्हणून जेट काढल्यावर त्या जागेत स्प्रेची नळी लावून दाबा आणि ती धार पायलट स्क्रूच्या भोकातून आणि पुढच्या बारीक भोकातून येते का बघा. एक भोक बोटाने बंद केलं की दुसऱ्यातून जोर वाढला पाहिजे. येत नाही तोवर झालं म्हणायचं नाही, परत भिजवा, परत मारा. हवा मारायला पंक्चरवाल्याकडे नेता येतं, पण फ्लोट आणि सुई काढून, आणि नळीचं तोंड हाताच्या कातडीवर धरू नका. सायकलच्या पंपानेही बरंच काम होतं, वेळ लागतो इतकंच.

आता घरगुती जादूचे उपाय. रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणं नको, आम्ल जस्त आणि ॲल्युमिनियम खातं, सकाळी कार्बोरेटर काळवंडलेला आणि खडबडीत मिळतो. कॉस्टिक सोडा तर अजिबातच नाही, तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि वर हायड्रोजन सोडतो. संडास धुवायचं ॲसिड, तेच. रॉकेल, डिझेल बाहेरचा मळ काढायला छान आहेत पण आतल्या डिंकाला ते पुरत नाहीत. थिनर चालतो, वास डोक्यात जातो तेवढं सांभाळा. सोनाराकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन असतं, तसलं छोटं कोणाकडे असेल तर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून दहा मिनिटं फिरवा, आश्चर्य वाटेल इतका मळ निघतो. त्या मशीनमध्ये पेट्रोल किंवा थिनर कधीच घालायचा नाही, भडका उडेल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायची जुनी चेतक वगैरे असेल तर पेट्रोल उडून जातं आणि ऑइल आत राहतं, तिला दुप्पट वेळ भिजवावं लागतं.

फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर ती परत बसवू नका, ओव्हरफ्लो होणार म्हणजे होणार. जोडल्यावर कार्बोरेटर हातात उलटा धरा, म्हणजे फ्लोट सुई दाबेल, आणि पेट्रोल येतं त्या तोटीला स्वच्छ नळी लावून हळू फुंका, हवा जाता कामा नये. हे तपासण्यात आळस नको, सुई गळत असेल तर रात्रभरात पेट्रोल इंजिनात उतरून ऑइल पातळ होऊ शकतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. स्लाइड बसवताना तिच्यावरची खाच आतल्या खुंटीत बसली पाहिजे आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. मग इंजिन चालू करायच्या आधी रेस पिळून सोडा, खट्ट करून खाली आली पाहिजे. हँडल दोन्हीकडे वळवूनही बघा. रेस अडकलेली गाडी पहिल्या किकला घाटाखाली घेऊन जाईल.

हे सगळं झालं तरी टाकी तशीच ठेवली तर आठवड्याने परत हाच लेख उघडाल. कॉक काढल्यावर त्याच्या नळीवर एक जाळी असते. आमच्या कॉकवर ती नव्हतीच, कधीतरी कोणीतरी फाटली म्हणून काढून टाकली असणार. आणि बाबांना कॉक कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी थेट खाली. टाकी उतरवून रिकामी केली, साबणाच्या पाण्याने चार-पाच वेळा धुतली (रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, आत वाफच वाफ असते, म्हणून तिला डाग द्यायला वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका), मग कॉकचं भोक बंद करून काठोकाठ पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं. कार्बोरेटरला नको म्हटलं ते इथे चालतं कारण टाकी पत्र्याची आहे. दुसऱ्या दिवशी निम्मं ओतून मूठभर नट टाकून हलवली, निघालेलं पाणी पायरीच्या जांभ्यासारखं लाल. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून आम्ल मारलं, उन्हात उलटी करून सुकवली आणि सुकल्या सुकल्या आतून ऑइल फिरवलं, कारण उघडा पत्रा काही मिनिटांत परत गंजायला लागतो. वापरायच्या आधी थोड्या पेट्रोलने ते ऑइल विसळून काढलं. कॉकला नवीन जाळी, नवीन नळी, आणि मध्ये एक छोटा कागदी फिल्टर. फिल्टर पंप नसलेल्या गाडीचाच घ्या आणि नळी कुठेही वर चढू देऊ नका, उताराने खाली आली पाहिजे, नाहीतर हवा अडकून गाडी अर्ध्या रस्त्यात बसते आणि आपण परत कार्बोरेटरला शिव्या देतो.

गाडी उभी ठेवताना आता आम्ही असं करतो: निघायच्या दिवशी कॉक बंद करून गाडी चालू ठेवायची, बाऊल रिकामा होऊन आपोआप बंद पडेपर्यंत, मग खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढायचे. टाकी पावसाळ्याआधी रिकामी करून आतून ऑइल. अर्धी टाकी ठेवणं सगळ्यात वाईट, वरच्या उघड्या पत्र्यावर घाम धरतो. काढलेलं जुनं पेट्रोल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका, नाव लिहिलेल्या डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांना पार्ट धुवायला लागतंच.

स्लो सेट करताना गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवून गरम करा, थंड इंजिनवर सेट केलेला स्लो गरम झाल्यावर खोटा ठरतो. पायलट स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर ठेवा, लिहिलं नसेल तर दीड-दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा, आणि पाव पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सगळ्यात सुरळीत आणि चढ्या आवाजात चालेल तिथे थांबा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत फिरवला की पेट्रोल कमी होतं. हे उलटं धरून मी अख्खी संध्याकाळ घालवली होती.

आणि स्लो छान धरते, पण तीन-चार किलोमीटरवर गाडी मरते, दहा मिनिटं थांबलं की परत चालू होते असं असेल तर पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, तिथे तंगूस घाला.